मॉस हवेचा हिशेब कसा ठेवतं, आणि घाटमाथ्यावर तो वाचताना काय चुकतं

बेळगाव जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर जांबोटी सोडून कणकुंबीच्या दिशेला लागलं की पावसाळा संपता संपता रस्त्याकडेच्या जांभळीच्या, फणसाच्या, अंजनीच्या खोडांवर एक हिरवा, मऊ थर दिसतो. ते मॉस. न्हाणीत पाय घसरवणारं बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि मसाल्यात पडणारं दगडफूलही वेगळं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी, तर मॉस ही पूर्ण वनस्पती. फक्त त्याला खरी मुळं नसतात, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नसतात आणि पानावर मेणाचा थर जवळजवळ नसतो. प्रदूषण मोजणाऱ्यांना मॉस उपयोगी पडतं ते या उणिवांमुळेच.

मूळ नाही म्हणजे मातीतून फारसं काही वर येत नाही. जे मिळतं ते पावसातून, धुक्यातून आणि हवेतल्या धुळीतून. पान बहुतेक एकाच पेशीच्या जाडीचं, आणि पेशीभित्तिकेत आम्लगुणी गट भरपूर. पाण्यात विरघळलेलं शिसं किंवा तांबं जवळून गेलं की ते या गटांना चिकटतं आणि आधी तिथे असलेलं कॅल्शियम किंवा हायड्रोजन सुटून जातं. जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातली राळ याच तत्त्वावर चालते. याशिवाय न विरघळलेली धूळ पानांच्या बेचक्यांत अडकते आणि थोडा भाग पेशीच्या आतही शिरतो. प्रयोगशाळेतून येणारा आकडा या तिन्हींची बेरीज असतो. त्यातलं चिकटलेलं किती आणि अडकलेलं किती, हे तो आकडा आपण होऊन सांगत नाही. पुढच्या बऱ्याच गोंधळांचं मूळ इथे आहे.

सगळे धातू सारखे चिकटत नाहीत. शिसं आणि तांबं घट्ट बसतात, निकेल मध्यम, जस्त आणि मँगेनीज सैल. वरून पाऊस सतत पडत राहिला तर सैल बसलेले सुटून जातात. मँगेनीजची आणखी एक अडचण आहे: झाड ते मातीतून पानात नेतं, पाऊस ते पानातून धुऊन काढतो आणि तेच पाणी खाली खोडावरच्या मॉसवर ठिबकतं. मग मॉसमधलं मँगेनीज हवेतून आलं की झाडातून, हे ओळखता येत नाही. म्हणून पहिल्यांदा नकाशा करताना शिशावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवावा आणि मँगेनीजवर सगळ्यात कमी.

ही पद्धत स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून धातूंचे नकाशे काढतात. शहरातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या पोर्टलंडचं. तिथे २०१३ मध्ये ३४६ झाडांवरचं मॉस तपासलं गेलं आणि कॅडमियमचे ठळक ठिपके रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांभोवती दिसले. त्यानंतर हवा मोजणारं यंत्र तिथे नेलं तेव्हा हवेतही कॅडमियम जास्त निघालं. मॉसचं खरं काम एवढंच असतं: महागडं यंत्र कुठे ठेवायचं ते दाखवणं. आपल्याकडे यंत्र शहरात बसतं, कारण त्याला वीज लागते, देखभाल लागते, राखणदार लागतो. भीमगडच्या रानात किंवा चोर्ल्याच्या उतारावर ते कोण बसवणार? मॉस तिथे आधीपासून आहे.

युरोपची पुस्तिका इथे जशीच्या तशी चालत नाही

युरोपातल्या सूचना थंड प्रदेशातल्या, जमिनीवर गादीसारख्या पसरणाऱ्या दोन-चार जातींसाठी लिहिल्या आहेत. हायलोकोमियम स्प्लेंडेन्स नावाच्या जातीत दर वर्षीची वाढ पायरीसारखी वेगळी दिसते, त्यामुळे ‘मागच्या तीन वर्षांची वाढ घ्या’ असं सांगता येतं. आपल्या घाटमाथ्यावरच्या जातींत अशी पायरी नसते. त्या जून ते ऑक्टोबर झपाट्याने वाढतात आणि फेब्रुवारीनंतर वाळून, गुंडाळून पडून राहतात. मरत नाहीत; पहिल्या वळवाच्या सरीत पुन्हा उलगडतात. पण त्या सुक्या महिन्यांत त्यांच्यावर नुसती धूळ बसत असते.

म्हणून नेमकं किती वर्षांचं साचलं आहे हे सांगायच्या भानगडीत पडू नये. त्याऐवजी सगळीकडे एकाच जातीचे, एकाच लांबीचे हिरवे शेंडे घ्यावेत, समजा वरचे दीड सेंटीमीटर, आणि तपकिरी बुडखा टाकून द्यावा. जात एकच हवी हा नियम सगळ्यात जास्त वेळा मोडला जातो. भिंती-दगडांवर सर्वत्र दिसणारं हायोफिला आणि खोडावर झुबक्यांनी वाढणारं टेरोब्रायॉप्सिस यांची धरून ठेवायची क्षमता वेगळी असते. बेळगावात एक जात मिळाली आणि कणकुंबीत दुसरी, तर दोन आकड्यांतला फरक हवेचा आहे की जातीचा, ते कोणालाच सांगता येणार नाही. सूक्ष्मदर्शक आणि जात ओळखणारा माणूस सोबत नसेल तर नमुने गोळा करायला निघूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘झाडाच्या छत्रापासून तीन मीटर दूर, उघड्यावरचं मॉस घ्या’ ही दुसरी युरोपीय सूचना. दाट रानात ते शक्यच नाही. इथलं मॉस झाडावरच असतं. तेव्हा झाडाचा परिणाम टाळता येत नाही, तो निदान सगळीकडे सारखा ठेवायचा. झाडाची जात एक (जांभूळ सोयीचं, बेळगाव शहरापासून घाटापर्यंत सापडतं), खोडाचा घेर साधारण सारखा, उंची जमिनीपासून दीड ते दोन मीटर. गुडघ्याखालचं मॉस अजिबात नको: पावसाचे थेंब मातीवर आपटून तिथवर माती उडते, शिवाय गुरं अंग घासतात, कुत्री लघवी करतात आणि नायट्रोजनचा आकडा वर जातो. पावसात खोडावरून पाण्याचे ओघळ उतरतात, त्यांच्या काळसर वाटा झाडावर दिसतात. त्या वाटेवरचं मॉसही सोडून द्यावं.

जिल्हा एक, खडक तीन

बेळगाव जिल्ह्यात हे काम करताना सर्वात मोठा घोळ मातीचा होतो. शहर आणि उत्तरेचा बराच भाग दख्खनच्या काळ्या कातळावर आहे. घाटमाथ्यावर त्याच कातळावर जांभ्याची टोपी आहे. गोकाकचा धबधबा वालुकाश्मावरून कोसळतो. खानापूरच्या दक्षिणेला लोंढ्याकडे गेलं की त्याहून फार जुने धारवाड काळातले खडक लागतात. काळ्या कातळाच्या मातीत तांबं, निकेल, व्हॅनेडियम मुळातच जास्त. जांभ्यात लोखंड, ॲल्युमिनियम आणि बऱ्याचदा क्रोमियम जास्त. उन्हाळ्यात तांबडी धूळ मॉसवर बसली की क्रोमियमचा आकडा फुगतो, आणि आजूबाजूला कारखाना नसताना ‘जंगलात क्रोमियमचं प्रदूषण’ असा मथळा तयार होतो.

यावर उपाय साधा आहे, पण चिकाटी मागतो. प्रत्येक ठिकाणी मॉसबरोबर मूठभर वरची मातीही घ्यायची आणि दोन्ही एकाच पद्धतीने तपासायची. मग प्रत्येक धातूचं ॲल्युमिनियमशी प्रमाण काढायचं; ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतूनच आलं असं धरून ते मातीचं माप मानायचं. समजा मॉसमध्ये दर किलोला ॲल्युमिनियम ४,००० मिलिग्रॅम, शिसं १२ आणि क्रोमियम १० निघालं, आणि तिथल्या मातीत ॲल्युमिनियम १,००,०००, शिसं २० आणि क्रोमियम २५०. मॉसमधलं शिशाचं प्रमाण ०.००३, मातीतलं ०.०००२, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १५. क्रोमियमचं प्रमाण दोन्हीकडे ०.००२५, भागाकार १. याचा अर्थ क्रोमियम निव्वळ मातीतून आलं, आणि शिशाचा बराचसा भाग मातीबाहेरचा आहे. हे आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत. भागाकार दोन-तीनच्या आत असेल तर माती समजून गप्प बसावं. दहाच्या वर गेला तर दुसरा स्रोत शोधावा.

या गणितासाठी पृथ्वीच्या कवचाची जागतिक सरासरी पुस्तकातून उचलून वापरण्याची पद्धत आहे. जांभ्याच्या मुलखात ती हमखास दगा देते, कारण पावसाने जांभ्यातली सिलिका आणि कॅल्शियम धुऊन गेलेलं असतं आणि मागे लोखंड-ॲल्युमिनियम साचलेलं असतं. बॉक्साइटची वाहतूक होणाऱ्या रस्त्याजवळ तर ॲल्युमिनियम हेच मोजमापाचं माप म्हणून वापरता येत नाही. जे माप धरायचं तेच बाहेरून येऊन पडत असतं.

नमुना घेताना

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. पाऊस थांबलेला, मॉस अजून हिरवं, जाती ओळखू येतात. सगळी ठिकाणं एकाच पंधरवड्यात उरकावीत आणि त्याआधी सलग चार-पाच दिवस कोरडे गेलेले असावेत. मध्येच मोठा पाऊस झाला तर आधीचे आणि नंतरचे नमुने एका तक्त्यात बसत नाहीत. दिवाळी मध्ये आली तर एकतर आधी संपवा किंवा नंतर सुरू करा. फटाक्यांतलं बेरियम आणि स्ट्रॉन्शियम मॉसवर दिसू शकतं.

एका ठिकाणी साधारण ५० बाय ५० मीटरच्या चौकटीतल्या पाच ते दहा झाडांवरून थोडं थोडं घेऊन एकत्र करायचं. पार्श्वभूमीचा, म्हणजे ‘स्वच्छ’ समजायचा नमुना मोठ्या रस्त्यापासून, गावापासून आणि कारखान्यापासून किमान ३०० मीटर आत, लहान रस्ता किंवा एकट्या घरापासून १०० मीटर दूर. हातात पावडर नसलेले प्लॅस्टिकचे हातमोजे, प्रत्येक ठिकाणी नवे. सोलायला प्लॅस्टिकचा चिमटा, कारण स्टीलच्या चिमट्यातून क्रोमियम आणि निकेल येतं. कागदी पाकीट दुमडून बंद करायचं, पिन मारायची नाही. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याने नमुन्याला हात लावू नये (कॅडमियम), आणि चेहऱ्याला उन्हापासून वाचवणारं क्रीम लावलेल्यानेही नाही, कारण त्यात जस्त नाहीतर टायटॅनियम असू शकतं.

आता इथल्या खास गोष्टी, ज्या कुठल्याच पुस्तिकेत सापडत नाहीत. देवराईतलं मॉस जुनं, दाट आणि मोहात पाडणारं असतं. पण जवळपास शेंदूर फासलेला दगड किंवा खोड असेल तर ते सोडा, कारण शेंदूर म्हणजे शिशाचं किंवा पाऱ्याचं संयुग असू शकतं. सुपारीच्या बागेवर कोळे रोगासाठी मोरचूद आणि चुन्याची फवारणी होते. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या झाडांवर तांबं हमखास वाढलेलं मिळतं. जस्ती पत्र्याच्या छपराखाली किंवा वीजवाहिनीच्या मनोऱ्याखाली जस्त. रस्त्याकडेच्या झाडांना मारलेले गेरू-चुन्याचे पट्टे आणि पाट्यांचे खिळे, त्यांच्याखालचंही नको.

अभयारण्यातलं पान तोडायलाही परवानगी लागते, मॉस त्याला अपवाद नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी, राखीव जंगलात वनखात्याची, खासगी मालकीत मालकाची. परवानगीला महिने लागू शकतात, त्यामुळे अर्ज उन्हाळ्यातच टाकावा. आणि खोडावरचा थर पूर्ण खरवडू नये. परत भरून यायला त्याला वर्षं लागतात.

मॉसच नसेल तिथे: पिशव्या टांगणं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रींजवळ (ओतकामाच्या कारखान्यांजवळ) किंवा साखर कारखान्याच्या परिसरात हवं ते मॉस मिळणार नाही. तिथे स्वच्छ ठिकाणचं मॉस जाळीच्या पिशवीत भरून टांगतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ही युक्ती निघाली. भारतात उत्तराखंडच्या डोंगरात ती वापरली गेली आहे.

मॉस निवडून, काडी-कचरा काढून तीनदा ऊर्ध्वपातित पाण्यात धुवा आणि साधारण १०० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून मारून टाका. जिवंत मॉस बेळगावात एका प्रकारे जगेल आणि कणकुंबीत दुसऱ्या. मेलेलं दोन्हीकडे सारखं वागतं. मग सगळं एकत्र कालवून, १० बाय १० सेंटीमीटरच्या, दोन मिलिमीटर छिद्रांच्या नायलॉन जाळीच्या पिशवीत दीड ते तीन ग्रॅम भरा. दाबून भरलं तर आतल्या मॉसला हवा लागत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. प्रत्येक पिशवीचं वजन टांगण्याआधी आणि नंतर घ्यायचं. पाच-सहा पिशव्या न टांगता बंद करून ठेवायच्या; त्यांच्याशिवाय सगळं फुकट.

टांगायचं चार मीटर उंचीवर, नायलॉनच्या दोरीने, एका ठिकाणी तीन. तीन यासाठी की एक माकडं नेतात. सहा ते आठ आठवडे ठेवलं तर पुरे. घाटाच्या जुलैमध्ये मेलेल्या मॉसवर बुरशी चढते आणि तुकडे जाळीतून वाहून जातात. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर ती पिशवी बाद करावी.

आता किती वाढ झाली तर ती खरी धरायची? न टांगलेल्या पिशव्यांची सरासरी घ्या आणि त्यात त्यांच्या प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्या मापाची) १.९६ पट मिळवा. समजा शिशाची सरासरी ४.० आणि विचलन ०.५, तर उंबरठा ४.९८. टांगलेल्या पिशवीत ४.७ निघालं तर वाढ झाली असं म्हणायचं नाही, डोळ्यांना कितीही वाटलं तरी.

पिशव्यांचा मोठा फायदा म्हणजे काळ आपल्या हातात असतो. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून, गोव्यावरून घाट चढून येतो, म्हणजे डिचोलीकडच्या लोहखनिजाच्या पट्ट्यावरून. त्याबरोबर समुद्राचं मीठही येतं आणि त्यातलं सोडियम-मॅग्नेशियम मॉसवरच्या जागा अडवून सैल धातूंना बाहेर ढकलतं. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून, मैदानातून येतो. तेव्हा साखर कारखाने चालू असतात आणि शिवारात उसाचं पाचट जळत असतं. कणकुंबीतल्या एकाच झाडावर पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरात एक संच आणि डिसेंबर-जानेवारीत दुसरा संच टांगला तर दोन दिशांचा माल वेगळा पकडता येतो. खोडावरच्या नैसर्गिक मॉसमध्ये दोन्ही मिसळून गेलेलं असतं. लोंढा-कॅसलरॉक रेल्वेमार्गावरून मुरगाव बंदराचा कोळसा वर येतो. तिथे रुळांपासून २०, ५०, १०० आणि २५० मीटरवर अशी रांग लावावी, आणि दोन्ही बाजूंना, कारण घाटात दरीकडची बाजू आणि डोंगराकडची बाजू वेगळी वागते.

प्रयोगशाळेत

नमुना धुवायचा नाही. धुतला तर धूळ जाते आणि सैल धातूही जातात, आणि प्रत्येकाच्या हातचं धुणं वेगळं. पारा मोजायचा असेल तर ४० अंशांपेक्षा जास्त तापवायचं नाही, नाहीतर तो उडून जातो. साधारण अर्धा ग्रॅम कोरडं मॉस नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बंद भांड्यात विरघळवून आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर वाचतात. नायट्रिक आम्लाने मातीचे सिलिकेट कण पूर्ण विरघळत नाहीत, त्यामुळे ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि क्रोमियम कमी दिसतात. मातीही त्याच पद्धतीने तपासा असं वर म्हटलं ते याचसाठी. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार, एक रिकामं भांडं आणि एक ज्ञात मूल्याचा संदर्भ नमुना चालवायचा. मॉससाठी फिनलंडमधल्या मॉसपासून बनवलेले एम-२ आणि एम-३ हे नमुने वापरले जातात. प्रयोगशाळेने नुसता तक्ता पाठवला आणि हे तीन आकडे दिले नाहीत, तर मागून घ्या. देत नसतील तर तक्त्याचा उपयोग नाही.

वाचताना धातू एकेकटे बघू नका, जोडीने बघा. तांबं आणि अँटिमनी एकत्र वाढले तर गाड्यांचे ब्रेक. नुसतं तांबं तर सुपारीची फवारणी किंवा काळी माती. जस्त, शिसं आणि लोखंड एकत्र असतील तर ओतकामाकडे नजर टाकावी. शिशाबद्दल एक लक्षात ठेवा: देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० पासून आलं, पण रस्त्याकडेच्या मातीतलं जुनं शिसं अजून तिथेच आहे आणि दर उन्हाळ्यात धुळीबरोबर वर उठतं.

एक चूक वर्तमानपत्रांत हमखास होते. राष्ट्रीय हवा मानकांत (२००९) शिशाची वार्षिक मर्यादा दर घनमीटर हवेला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. मॉसमधला आकडा दर किलो कोरड्या मॉसला मिलिग्रॅम असा असतो. एकावरून दुसरा काढता येत नाही, आणि ‘मॉसमध्ये मर्यादेच्या इतक्या पट’ हे वाक्य निरर्थक आहे. मॉसला कायद्याची मर्यादाच नाही. सूक्ष्म धुळीचं प्रमाण, ओझोन, नायट्रोजनचे वायू यांतलं काहीही धातूंच्या तक्त्यावरून कळत नाही. सांगता येतं ते एवढंच की या रांगेत या ठिकाणी जास्त साचलं, त्या ठिकाणी कमी, आणि पाच वर्षांपूर्वीपेक्षा वाढलं की घटलं.

त्या पाच वर्षांसाठी उरलेलं मॉस फेकू नका. कोरडं करून, कागदी पाकिटात, जात, झाड, उंची, तारीख, अक्षांश-रेखांश आणि आदल्या आठवड्याचा पाऊस लिहून, कपाटात ओल न लागता ठेवलं तर बहुतेक धातूंसाठी ते वर्षानुवर्षं टिकतं. पाऱ्यासाठी मात्र वेगळा भाग घट्ट बंद करून गोठवून ठेवावा लागतो.